पारसभाऊंच्या गाडीतला आवाज

पारसभाऊ संध्याकाळी आमच्याकडे यायचे तेव्हा त्यांचं जेवण झालेलं असायचं. दिवस मावळायच्या आत ताटावरून उठायचं, हा त्यांच्या घरचा जैन शिरस्ता. तोंडात ओव्याची चिमूट, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक बारका स्क्रू ड्रायव्हर आणि काखेत ती गाडी. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, गुबगुबीत चाकांची. सत्तरी ओलांडलेला माणूस असली गाडी काखोटीला मारून जळगावातल्या पिंप्राळ्याच्या गल्लीतून निघाला की नवे भाडेकरू वळून बघायचे. आम्हा जुन्यांना सवय झाली होती. भाऊंना तर आपल्यात बघण्यासारखं काही आहे हेच कधी उमगलं नाही.

गाडीला खेळणं म्हटलेलं मात्र खपायचं नाही. खेळण्याला चावी असते, हिला गिअर आहे, बेअरिंग आहे, ही मशीन आहे, असं ते समोरच्याला बसवून समजावायचे. समोरचा बहुतेक वेळा मी असायचो.

आता भाऊ नाहीत. इंदूरला मुलीकडे गेले होते, तिकडेच गेले. मला धुळ्याहून जयेशचा, गाडीचे सुटे भाग देणाऱ्याचा, फोन आला. मी बरं म्हणालो. कुकरची शिट्टी झाली होती, उठून गॅस बंद केला. मग आठवलं की असं बरं म्हणून चालत नाही, काहीतरी विचारायला हवं होतं, कधी, कसं वगैरे. पण तोवर त्याने फोन ठेवला होता.

भाऊंचं घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं. जळगावात त्यांची डाळमिल होती आणि उभा जन्म त्यांनी त्या मिलच्या आवाजात काढला. तूर आणि चण्याची धूळ, पट्ट्यांची फडफड, चाळण्यांचा खडखडाट. तिथे दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागायचं. भाऊ मात्र गादीवर बसल्या बसल्या सांगायचे की तिसऱ्या चाळणीचा पट्टा सैल झालाय. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याची गोष्ट तर जळगावात बऱ्याच जणांना ठाऊक होती. मिलच्या आवारातच मांडव, भटजींचं चाललंय, पाहुणे बसलेत, आणि मुलीचा बाप मधेच उठून चालता झाला. पुष्पाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. भाऊ परत आले ते हाताला ग्रीस माखून. डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं बेअरिंग गेलं होतं, म्हणाले, मोटर जळाली असती. आणि त्याच हाताने व्याह्यांना पेढा भरवायला गेले.

तर असा तो कान. त्यांची सगळी पत त्या कानावर होती.

पुढे मुलांनी मिल गावाबाहेर नव्या शेडमध्ये नेली. नव्या मशिनी आल्या, त्यांना सेन्सर, काही बिघडलं की मोबाईलवर आपोआप कळणार. थोरला म्हणाला, बाबूजी, आता कान लावायची गरज नाही, घरी आराम करा. मुलगा वाईट नाही, प्रेमानेच म्हणाला असणार. पण भाऊंनी ते वाक्य मला इतक्यांदा सांगितलं, दर वेळी त्याच चालीत, की मला ते पाठ झालं. कान लावायची गरज नाही. मग ते जरा थांबायचे आणि ओवा चावायचे.

गाडी खरं तर नातवासाठी आणलेली. नातू क्लासेससाठी पुण्याला गेला आणि गाडी कपाटावर राहिली. घरी बसलेल्या भाऊंनी एक दिवस ती खाली काढली, चालवली, आणि लगेच बंद केली. म्हणाले, आवाज आहे. बारीक, वरच्या पट्टीतला, सूं करून लांब ओढलेला. मोटर बंद केल्यावरही क्षणभर राहतो, असं त्यांचं म्हणणं. कुठेतरी काहीतरी घासतंय.

झालं. त्या दिवसापासून तो आवाज काढायचा हेच त्यांचं काम झालं. बोलून दाखवलं नाही, पण आम्हाला दिसत होतं. आवाज सापडला तर कान शाबूत होता, आणि कान शाबूत असला तर थोरल्याच्या नव्या शेडमध्ये जाऊन खुर्ची टाकून बसायला हरकत नव्हती. एकदा तर भाऊ म्हणालेच, हे निघू दे, मग मी मिलवर जाऊन येतो.

त्यांची काम करायची रीत ठरलेली. आधी ब्रशने धूळ झाडायची, मग प्रत्येक स्क्रू आवळून बघायचा, आणि मगच डोकं चालवायचं. लोक उलटं करतात, म्हणायचे, आधी डोकं चालवतात आणि शेवटी स्क्रू सैल निघतो. चारही चाकं काढून मोटर फिरवायची. मग मोटर वेगळी काढून नुसतीच फिरवायची. तिथे आवाज नसला तर गिअरकडे वळायचं. मोटरचा दातेरी छोटा गिअर आणि त्याला लागलेला प्लास्टिकचा मोठा गिअर, या दोघांत किती फट ठेवायची यावर सगळं असतं. फार चिकटले तर किंचाळतात, फार लांब राहिले तर दात खातात. भाऊ मध्ये वर्तमानपत्राची पट्टी घालायचे, दोन्ही गिअर तिच्यावर दाबायचे, स्क्रू आवळायचे आणि पट्टी ओढून काढायचे. कागदाच्या जाडीएवढी फट उरायची. लग्नपत्रिका चालत नाही, जाड होते. पेपरच पाहिजे. आणि पट्टी फाडण्याआधी ते पान उलटून मागची बाजू बघायचे. कुणाचा फोटो असेल, म्हणायचे, श्रद्धांजलीचा वगैरे, फाटायला नको.

पुष्पाभाभी वैतागल्या होत्या. घरात सवत आणली असती तर निदान स्वयंपाकाला हात लागला असता, असं त्या शेजारणींना सांगायच्या. बेअरिंग वाटीत, वाटी फ्रिजवर, फ्रिजवरचं कुणी हलवायचं नाही. एकदा मुखवासाच्या डबीत बारके स्क्रू राहिले आणि व्याह्यांनी बडीशेप म्हणून एक तोंडात टाकला. तेच व्याही, ग्रीसच्या पेढ्याचे. त्यांनी स्क्रू काढून रुमालाला पुसला आणि काही न बोलता भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी आधी त्याचे आटे तपासले. भाभी सांगत होत्या की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवाज येतो का, हे त्यांनी भाभींनाही विचारलं होतं. भाभी म्हणाल्या, मला टीव्ही सोडून काही ऐकू येत नाही. हे उत्तर भाऊंनी धरलं नाही.

मग ते माझ्याकडे आले. माझी बायको सुनंदा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तेरावं होऊन पाहुणे आपापल्या गावी गेले होते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात जायचो, पुस्तकं घ्यायचो, द्यायचो, घरी यायचो. दुःख झालं होतं असं म्हणावं तर तेही नीटसं झालेलं नव्हतं. दाताला भूल दिली की गाल आपला वाटत नाही, तसं सगळंच होतं. लोक येऊन बसायचे, सुनंदाविषयी चांगलं बोलायचे, मी मान हलवायचो. भाऊ आले आणि सुनंदाविषयी एक शब्द बोलले नाहीत. टीपॉयवरचा पेपर बाजूला सारला, गाडी उलटी ठेवली, रिमोटचा खटका दाबला.

"ऐक जरा. येतो का आवाज?"

त्या दिवसांत मी सगळ्याला हो म्हणत होतो. जेवलात का, हो. झोप लागते का, हो. मुलीकडे जाऊन राहा थोडे दिवस, हो. तसंच भाऊंना म्हणालो, येतो. मला मोटरची घरघर सोडून काही ऐकू येत नव्हतं. पण तेव्हा मला कुकरची शिट्टीही ऐकू येत नव्हती, शेजारची सून येऊन गॅस बंद करून जायची. त्यामुळे गाडीत आवाज आहे आणि तो आपल्यालाच येत नाही, हे मला अगदी सहज पटलं.

भाऊंचा चेहरा उजळला. म्हणाले, बघ, मी म्हणत होतो.

त्यानंतर रोज. मी टॉर्च धरायचो, ते खोलायचे. कुठे बसू, काय बोलू हा प्रश्न मिटला, हे मला बरं वाटायचं. त्या घरात तेवढा एकच तास असा होता की त्यात काय करायचं ते ठरलेलं होतं.

सुटे भाग मिळायचे धुळ्याला. आग्रा रोडला लागून एका गल्लीत जयेशचं दुकान होतं, ड्रोन, रिमोटच्या गाड्या, त्यांची दुरुस्ती. जयेश पिंपळनेरचा, तिशीतला, बोलायला गोड. रविवारी त्याच्या ओळखीतले गाडीवाले एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानात जमायचे. भाऊ आणि मी पारोळ्यावरून धुळ्याला जायचो, भाऊंची जुनी कार, चालवणारा मी. आरशात बघायची वेळ आली की मागच्या सीटवर ती गाडी दिसायची, पट्टा लावलेली.

त्या मैदानात भाऊंना फार मान. एवढं वय, एवढा मिलवाला शेठ, आणि आपल्यासारखं मातीत गुडघे टेकून बसतो. त्यांनी पहिल्या रविवारी गाडी चालवून सगळ्यांना विचारलं, येतो का आवाज. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. जयेश वाकून कान देऊन म्हणाला, "बारीक येस, भाऊ." मग दुसऱ्यालाही यायला लागला. तो म्हणाला, मागच्या बाजूने येतो. तिसरा म्हणाला, नाही, डाव्या. त्यांच्यात त्यावरून चक्क वाद झाला, मागून की डावीकडून. भाऊ दोघांचं नीट ऐकून घेत होते. मी बाजूला उभा होतो आणि मला वाटत होतं, बघ, सगळ्यांना येतो, फक्त आपल्याला येत नाही.

त्या सगळ्यांच्या हो म्हणण्यावर भाऊंनी गाडी जवळजवळ नवी केली. मागच्या बाजूने म्हणाला म्हणून मागचं डिफरन्शियल बदललं. डावीकडून म्हणाला म्हणून डाव्या चाकाचा आस बदलला. बेअरिंग सगळी बदलली, गिअर बदलले, मोटर बदलली. मूळ गाडीतलं वरचं रंगीत कवच तेवढं उरलं. दर वेळी भाऊ आशेने खटका दाबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, आणि ओवा चावणं थांबायचं. मग म्हणायचे, आहे अजून. अलीकडे ते थकलेले दिसायला लागले होते. भाभी म्हणाल्या, झोपेत कूस बदलतात आणि म्हणतात गाडी बंद करा कुणीतरी.

मग तो रविवार आला. मैदानात पाणी साचलं होतं म्हणून आम्ही जयेशच्या दुकानातच बसलो होतो. जयेशची आई पिंपळनेरहून आली होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. तिचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा कालच निघाला होता, आणि जग तिला नव्याने दिसत होतं. दुकानातल्या पंख्यावरची धूळ, जयेशच्या डोक्यातले पांढरे केस, माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, दिसेल ते ती मोठ्याने सांगत होती. जयेश तिला गप्प बस म्हणून दमला होता.

भाऊंनी गाडी काउंटरवर उलटी ठेवली. बॅटरी काढली, मोटरही सोडवली. आता नुसतं मागचं चाक हाताने फिरवायचं, म्हणजे घासतंय कुठे ते कळेल. त्यांनी चाक जोरात फिरवलं, स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरच्या डबीला टेकवलं आणि दुसरं टोक कानाला लावलं. आम्ही सगळे वाकलो. चाक फिरलं, मंद झालं, थांबलं. भाऊ तसेच कान लावून. डोळे मिटलेले.

"हा बघा," ते म्हणाले. "आत्ता अगदी साफ येतोय. ऐका."

जयेशने, सवयीने असेल, मान हलवली. भाऊ आणखी दाबून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी पकडल्याचं समाधान होतं.

"भाऊ," अक्का म्हणाली, "चाक तं कव्हयनं थांबेल शे."

जयेश म्हणाला, आई. ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, काय आई, माले आते बठ्ठं दिसस.

भाऊंनी डोळे उघडले. चाकाकडे बघितलं. बोटाने ते थोडं हलवलं, थांबवलं. मग स्क्रू ड्रायव्हर कानापासून काढून हातात धरला आणि तसेच उभे राहिले. आवाज अजून येत होता, आता कळतं, त्यांना तो स्क्रू ड्रायव्हर काढल्यावरही येत होता, दुकानाबाहेर, रस्त्यावर, सगळीकडे. त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मागून म्हणणारा तिथे होता, डावीकडून म्हणणाराही. सगळे काउंटरकडे बघत होते. भाऊ अक्काला म्हणाले, बरोबर आहे अक्का तुमचं. आणि खिशात पेनाशेजारी स्क्रू ड्रायव्हर ठेवून दिला.

जयेशने घाईघाईने गाडी जोडून दिली. परत येताना पारोळा मागे पडला. मग भाऊ समोर बघतच म्हणाले की मिलवर जाणं बंद झालं तेव्हापासून येतोय, आधी वाटलं ट्यूबलाइटचा आहे. मग म्हणाले, "तुला कधीच येत नव्हता?"

"मला तेव्हा काहीच येत नव्हतं, भाऊ."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, मला एकट्याला आला असता तर मी समजलो असतो. तू म्हणालास येतो, म्हणून धरून राहिलो. रागाने नाही म्हणाले. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मी गिअर बदलला आणि समोरचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडला.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की मिलच्या आवाजाने कानातल्या नसा झिजल्यात. डाळमिल चालू होती तोवर तिच्या खडखडाटात हा सूं दबून होता, ती सुटली आणि हा वर आला. औषध नाही, सवय करायची. भाऊंनी घरी पंखा चालू ठेवायला सुरुवात केली, थंडीतसुद्धा. मिलवर जाऊन येतो, हे पुन्हा कधी म्हणाले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे यायचे, पण रिकाम्या हाताने. आवाज येतो का, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. आम्ही दोघं बसायचो. मला ते बसणं जड जायचं. टॉर्च धरायला काही नव्हतं.

भाभींच्या गुडघ्याचं ऑपरेशन इंदूरला ठरलं, मुलीकडे काही महिने राहायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ जेवणाआधीच आले तेव्हा काखेत गाडी होती. म्हणाले, तुझ्याकडे राहू दे, भाभी बॅगेत घेऊ देत नाही. टीपॉयवर उलटी ठेवली, बॅटरी जोडली, चालते की नाही एवढंच बघायला खटका दाबला, आणि त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

गाडी खरखरली. खर्र, खर्र, दात दातावर घासल्यासारखं, वेग वाढवला की वाढणारं. जयेशने त्या दिवशी घाईत जोडली होती, त्यानंतर ती चाललीच नव्हती. मला ते इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी दचकलो. आणि त्याच्या मागोमाग बाहेरच्या रिक्षेचा हॉर्न आला, शेजारच्या सुनेचा पोराला ओरडण्याचा आवाज आला, मोरीतला नळ टपटपत होता तो आला. तो किती दिवस टपटपत होता कोण जाणे.

"भाऊ," मी म्हणालो, "आवाज येतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला पुन्हा सांगावं लागलं की खरंच येतोय, मी उगाच म्हणत नाही. तेव्हा त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. या वेळी कानाला लावला नाही. टोक गिअरच्या डबीवर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डॉक्टरांनी लोखंडी चिमटा वाजवून हाडाला लावला होता ना, तेव्हा कळलं, ते नंतर इंदूरहून फोनवर सांगत होते, आतला आवाज हाडातून येत नाही, बाहेरचा येतो. मी खटका दाबला. भाऊ डोळे मिटून, दातांत मूठ धरून वाकले होते, आणि त्यांची हनुवटी बारीक थरथरत होती.

मूठ तोंडातून काढून ते म्हणाले, "हा गाडीचा आहे."

मी उठून टॉर्च आणली. पण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर सदऱ्याला पुसला आणि टीपॉयवर ठेवला, माझ्या बाजूला.

"तू काढ," म्हणाले. "तुला ऐकू येतंय आता."

दिवस मावळायला आला होता, आणि त्यांना घरी जाऊन जेवायचं होतं. मी ओट्यावर येऊन उभा राहिलो. गल्लीतून भाऊ चालले होते, हळूहळू, पांढरा सदरा, खिशात नुसतं पेन. डावा हात अंगापासून जरा लांब धरलेला होता, गाडी काखेत असताना धरायचे तसाच. कोपऱ्यावर रिक्षा आली, तिला वाट द्यायला थांबले, मग वळले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत.

आत येऊन मी गाडीची धूळ झाडली. एकेक स्क्रू आवळून बघितला. मग पेपर घेतला, आणि पट्टी फाडण्याआधी पान उलटून मागची बाजू बघितली.